जुना चिनी कोरीव प्याला कसा तपासावा: आधी काय, नंतर काय

जेडचा किंवा अकीकाचा जुना चिनी प्याला वारशाने घरात आला, लिलावात घेतला किंवा कोणी विकायला आणला, की बहुतेक जण पहिल्या तासाभरातच तीन गोष्टी उरकतात. साबणाच्या कोमट पाण्यात तो धुतात. बुडाला चाकूचं टोक घासून ‘दगड खरा आहे का’ ते बघतात. आणि खाली कोरलेल्या चिनी अक्षरांचा फोटो ओळखीच्या जाणकाराला पाठवून ‘हा कोणत्या बादशहाचा?’ असं विचारतात.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे स्वच्छता, सगळ्यात शेवटी आणि तीही साबण-पाण्याविना करायची असते, दुसरी कधीच करायची नसते आणि तिसरीचं उत्तर बाकी सगळं ठरेपर्यंत निरुपयोगी असतं. क्रम चुकला की पुरावा जातो आणि तो परत मिळत नाही. म्हणून ज्याने प्याल्यात काहीच बदलत नाही ते आधी करा, ज्याने थोडंफार बदलू शकतं ते नंतर करा, आणि ज्याने कायमची खूण राहते ते घरी करूच नका.

## १. तयारी

टेबलावर मऊ टॉवेलची दुहेरी घडी पसरा. फरशीवर उभं राहून, हातात धरून प्याला बघू नका. टेबलाशी बसा आणि टॉवेलपासून वीतभर उंचीवरच तो फिरवा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. सुती हातमोजे घालू नका, गुळगुळीत दगड त्यातून निसटतो. स्वच्छ, कोरडे हात चालतात. नाहीतर नायट्राइलचे घट्ट बसणारे मोजे घ्या.

सोबत हवं ते असं: सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग, पांढऱ्या उजेडाची छोटी एलईडी बॅटरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, वही आणि फोन.

प्याला उचलताना एक हात बुडाखाली आणि दुसरा अंगाला. कानाला धरून कधीही उचलू नका. चिनी प्याल्यांचे कान बहुतेकदा आरपार कोरलेले असतात. जुनी दुरुस्ती असलीच तर ती तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

पडताळणी: प्याला लाकडी बैठकीवर असेल तर तो नुसता ठेवलाय की चिकटवलाय ते आधी बघा. सहज उचलला गेला नाही तर जोर लावू नका, बैठकीसकटच पुढची तपासणी करा.

## २. हात लावण्याआधीची नोंद

धूळ तशीच असू द्या. खिडकीच्या अप्रत्यक्ष उजेडात, साध्या करड्या किंवा पांढऱ्या कागदावर चारी बाजू, तोंड, बूड आणि आतला तळ यांचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून निदान एक फोटो हवाच. मग उंची, तोंडाचा सर्वांत मोठा व्यास, काठाची जाडी तीन-चार ठिकाणी, आणि वजन लिहून ठेवा.

बुडावर जुनी कागदी चिठ्ठी, शाईने लिहिलेला आकडा किंवा लाल लाखेचा छोटा गोल शिक्का असेल, तर त्याचे जवळून फोटो घ्या आणि त्यांना बोट लावू नका. चीनमधून परवानगीने बाहेर गेलेल्या जुन्या वस्तूंवर तिथलं सांस्कृतिक वारसा खातं असा लाखेचा शिक्का लावत असे. बघायला तो क्षुल्लक वाटतो. धुताना सुटून पडला की प्याल्याच्या प्रवासाचा एक सरकारी पुरावा मोरीत वाहून जातो.

## ३. तडे, टवके आणि दुरुस्ती

खोली अंधारी करा. छोटी बॅटरी प्याल्याच्या आत, दगडाला न टेकवता धरा आणि बाहेरून बघत सावकाश फिरवा. दगडातली नैसर्गिक शीर धूसर कडांची असते आणि तिच्यावरून झिलई सलग जाते. तडा धारदार रेषेसारखा चमकतो किंवा काळा दिसतो, कोन बदलला की उजळतो आणि विझतो. शंका आली तर त्या जागेवरून नख अलगद फिरवा. शिरेवर नख अडत नाही, पृष्ठभागापर्यंत आलेल्या तड्यावर अडतं.

मग अतिनील बॅटरी. नेफ्राइट, म्हणजे चीनमधलं पारंपरिक जेड, या उजेडात सहसा काहीच प्रतिसाद देत नाही. त्यामुळे कानाच्या बुंध्याशी किंवा काठावर दुधी-निळसर रेघ चमकली तर तिथे गोंद किंवा राळ भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. हा किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता काठ. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून थोडं थांबून बघा. काठाचा टवका उडाला की तो भरून काढण्यापेक्षा अख्खा काठच घासून खाली आणणं सोपं असतं. असा प्याला बिनटवक्याचा दिसतो, पण मूळ उंची गेलेली असते. ओळखायच्या खुणा तीन: काठाची जाडी एका बाजूला अचानक वाढलेली असते, काठाखालची नक्षीची पट्टी कुठे रुंद तर कुठे कापल्यासारखी दिसते, आणि काठावरची चकाकी बाकी अंगाच्या चकाकीशी जुळत नाही. मघाशी काठाची जाडी तीन-चार ठिकाणी मोजायला सांगितली ती याचसाठी. काठाला चांदी-सोन्याची पट्टी असेल तर ती मूळची आहे की टवका झाकायला नंतर आली, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

सावधान: ‘जेड वाजवून बघावं, घंटेसारखा आवाज येतो’ हा सल्ला प्याल्यासाठी विसरा. आवाज आकारावर आणि जाडीवरही अवलंबून असतो, आणि न दिसलेला तडा टिचकीने वाढतो.

## ४. दगड कोणता?

चाकूची परीक्षा निरुपयोगी का, ते आधी. साध्या पोलादी पात्याची कठीणता मोह्स मापनपट्टीवर साडेपाचच्या आसपास. नेफ्राइट ६ ते ६.५, जेडाइट (जेड नावाने ओळखला जाणारा दुसरा दगड) ६.५ ते ७, अकीकही ६.५ ते ७, स्फटिक ७, आणि काच साधारण ५.५. म्हणजे चाकूला नेफ्राइट दाद देत नाही, अकीक देत नाही, बऱ्याचदा काचही देत नाही. ओरखडा उठला नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. उठला तर तो कायमचा.

त्याऐवजी भिंगातून बघा. नेफ्राइट सूक्ष्म तंतूंच्या गुंत्याने बनलेलं असतं. त्यामुळे आतून उजेड सोडला की ढगाळ, कापसाळ पोत दिसतो आणि टवका उडालेल्या जागी दगड लाकडासारखा चरबरीत फाटलेला असतो. अकीकात वळणावळणाचे पट्टे दिसतात आणि टवक्याची जागा शिंपल्यासारखी गुळगुळीत असते. काचेतही तसाच टवका उडतो, पण तिच्यात गोल बुडबुडे किंवा पाकासारखे वाहते पट्टे सापडतात. सर्पेंटाइन हा जेडसारखा दिसणारा वेगळाच दगड. तो मेणचट चमकतो आणि मऊ असल्यामुळे त्याच्या कडांवर बारीक ओरखड्यांची गर्दी असते. लिआओनिंग प्रांतातल्या शिउयानचा दगड याच जातीचा, आणि गान्सू प्रांतात च्युछुआनला पर्यटकांसाठी आजही बनणारे काळपट हिरवे पातळ प्यालेही त्याचेच. ते सुंदर असतात, फक्त त्यांना जुनं नेफ्राइट समजून पैसे मोजू नका.

यानंतर सापेक्ष घनता, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. घरी करता येणारी सर्वांत भरवशाची परीक्षा हीच, आणि लोक ती करताना हमखास चुकतात.

आधी पडताळणी: तडा, दुरुस्ती, धातूची पट्टी, जडवलेले खडे, सोन्याचं काम, चिकटवलेली बैठक, लाखेचा शिक्का, कागदी चिठ्ठी, शाईचा आकडा किंवा मातीचा थर, यांतलं काहीही असेल तर ही पायरी गाळा. पाणी गोंद सोडवतं. शिवाय धातू आणि राळ यांमुळे आकडाही चुकतो.

सगळं निर्धोक असेल तर असं करा:

क. कोरड्या प्याल्याचं वजन घ्या.

ख. प्याला पूर्ण बुडेल असं रुंद प्लास्टिकचं भांडं खोलीच्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्याने भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. भांडं, पाणी धरून एकूण वजन काट्याच्या क्षमतेत बसतं ना, ते आधी बघा.

ग. प्याल्याच्या अंगाभोवती बारीक नायलॉनच्या दोऱ्याची झोळी बांधा. कानाला दोरा बांधायचा नाही. कोरड्यावर टॉवेलच्या वर उचलून झोळी घट्ट आहे याची खात्री करा.

घ. प्याला आडवा करून सावकाश पाण्यात उतरवा, म्हणजे पोकळीतली हवा निघून जाईल. मग सरळ करा. तो पूर्ण बुडालेला हवा, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये.

ङ. आता काट्यावर दिसतं ते प्याल्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

समजा कोरडं वजन १८६.४ ग्रॅम आणि काट्यावर ६३.३ आले. भागाकार २.९४ येतो, म्हणजे नेफ्राइटच्या पट्ट्यात. पण नक्षीच्या खाचांत आणि आरपार कानात मिळून दोन घनसेंटिमीटर हवा अडकून राहिली, तर काटा ६५.३ दाखवेल आणि उत्तर २.८५ येईल. तेवढ्यावरून चांगल्या जेडला ‘हे जेड नाही’ असं ठरवलं जातं. बुडबुडे मऊ ब्रशने पाण्यातच हलके काढा आणि मोजणी तीनदा करा. प्याला तळाला टेकला तर आकडा एकदम वाढतो, तो लगेच ओळखू येतो.

नेफ्राइट साधारण २.९० ते ३.०३, जेडाइट ३.३० ते ३.३८, अकीक २.६० च्या जवळपास, स्फटिक २.६५, संगमरवर २.७. सर्पेंटाइन २.५ ते २.६ च्या आसपास असल्यामुळे अकीकाशी घोळ होऊ शकतो. तिथे भिंगातलं निरीक्षण निर्णायक ठरतं. काचेचा आकडा तिच्या घटकांप्रमाणे बदलतो, म्हणून बुडबुडे शोधणं चुकवू नका.

सावधान: प्याला आकाराच्या मानाने फारच हलका, हाताला कोमट आणि भिंगातून केसांसारख्या समांतर तंतूंचा दिसत असेल तर तो दगड नसून गेंड्याच्या शिंगाचा असू शकतो. चिनी अर्घ्यपात्रांचे तेच आकार शिंगातही कोरले जात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यांमुळे अशी वस्तू विकणं-घेणं गंभीर गुन्हा आहे. व्यवहार तिथेच थांबवा. घरातच सापडली असेल तर वकिलाच्या सल्ल्याने वनखात्याशी बोला.

## ५. हत्याराच्या खुणा

दगड कधी कोरला ते मोजणारी घरगुती परीक्षा नाही, प्रयोगशाळेतलीही नाही. कार्बन-१४ सजीवांच्या अवशेषांना लागू पडतं, तापदीप्ती भाजलेल्या मातीला. दगड स्वतः कोट्यवधी वर्षांचा असतो. आपल्याला हवं असतं ते कोरकामाचं वय. ते सांगतात हत्याराच्या खुणा, म्हणून या पायरीला पूर्ण दुपार द्या.

जेड छिन्नीने कोरत नाहीत, ते घासून झिजवतात. जुन्या कारखान्यात पायाने फिरवायच्या चाकावर ओल्या कठीण वाळूने, म्हणजे गारेच्या, गार्नेटच्या किंवा कुरुंदाच्या भुकटीने हे काम चाले. चाक संथ, वाळूचे कण लहानमोठे. त्यामुळे खाचेची रुंदी जागोजागी किंचित बदलते, कडा मऊ राहतात, वळणावर रेघ लहान लहान तुकड्यांनी पुढे सरकलेली दिसते. पोकळी काढायला नळीचं गिरमिट वापरत आणि मधला गाभा मोडून काढत; आतल्या तळाशी कधीकधी त्याच्या वर्तुळाची पुसट कडा राहते.

अतिवेगवान हिऱ्याच्या हत्याराची खाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी रुंद असते. कडेला सूक्ष्म टवके आणि तळात समांतर बारीक रेघा दिसतात. अडचणीच्या कोपऱ्यात, कानाच्या आतल्या बाजूला, ड्रॅगनच्या पायांमागे बघा. समोरचा भाग सगळेच घासूनपुसून ठेवतात, मागे वेळ कोणी घालवत नाही. कारबोरंडम या कृत्रिम घासणीच्या भुकटीचा शोध अमेरिकेत १८९१ सालचा, चिनी कारागिरांच्या हाती ते त्यानंतर आलं. मात्र पायाचं चाक विसाव्या शतकातही चालू होतं. तेव्हा मऊ खाच दिसली म्हणून प्याला लगेच मिंग काळात (१३६८ ते १६४४) ढकलू नका. खुणा आधुनिक असतील तर जुनेपणाचा दावा पडतो; खुणा जुन्या पद्धतीच्या असतील तर तो फक्त शक्य ठरतो.

आता झीज आणि रंग. खरी झीज जिथे घर्षण होतं तिथेच असते: बुडाची कडी, उठावाच्या कामाचे उंच भाग, कानाची अंगठा टेकणारी जागा. बुडावर एकाच दिशेचे ओरखडे असतील तर ते वाळूच्या कागदावर घासून आणलेले समजा.

तपकिरी रंगासाठी एक फार उपयोगी तपासणी आहे. पश्चिम चीनमधल्या खोतानजवळच्या युरुंगकाश आणि काराकाश नद्यांत सापडणाऱ्या जेडच्या गोट्यांना नैसर्गिक तांबूस साल असते, आणि कारागीर ती मुद्दाम राखत. अशा सालीत खाच कोरली की खाचेचा तळ फिका निघतो, कारण रंग वर आणि पांढरा गाभा आत. याउलट खाचेच्या तळाशी, भेगांत आणि खड्ड्यांत रंग साचलेला असेल तर तो कोरकामानंतर लावलाय. पोटॅशियम परमँगनेटसारखी रसायनं त्यासाठी सर्रास वापरतात. पण छिंग काळातले (मिंगनंतरचे, १९११ पर्यंतचे) कारागीरही प्राचीन घाटाच्या वस्तू मुद्दाम रंगवत, म्हणून नुसत्या लावलेल्या रंगावरून ‘नवा’ असाही निकाल देऊ नका. हत्याराच्या खुणांशी ताडून बघा.

## ६. घाट आणि नक्षी

दगड आणि खुणा ठरल्यावर मगच शैली. इथे विसंगती शोधायची असते. झळझळीत हिरवं जेडाइट ब्रह्मदेशातून येई आणि चीनमध्ये ते अठराव्या शतकापासून महत्त्वाचं झालं. तेव्हा ‘मिंग काळातला जेडाइटचा प्याला’ हे वाक्यच संशयास्पद आहे. शिंगाच्या आकाराचा प्याला दिसला की तो दोन हजार वर्षांपूर्वीचा सांगितला जातो. त्याआधी ग्वांगचौमध्ये १९८३ साली नानयुए या दक्षिण चीनमधल्या प्राचीन राज्याच्या राजाच्या थडग्यात सापडलेला जेडचा, आणि शीआनजवळ हेच्याछुन इथे १९७० साली मिळालेला, सोन्याची तोटी असलेला अकीकाचा, या दोन्ही प्याल्यांचे फोटो समोर ठेवा. नंतरच्या नकलांत प्रमाण बिघडतं आणि नक्षी गर्दी करते.

आपल्याकडच्या वाचकांची एक खास अडचण असते. प्याला अगदी पातळ, पाकळ्यापाकळ्यांचा, बुडाशी कमळ आणि कानाला बोकडाचं डोकं असा असेल तर तो चिनी, की मुघल, की मुघल कामाची चिनी नक्कल? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा मद्यप्याला आहे. तुलनेला त्याहून चांगला नमुना नाही. अठराव्या शतकातल्या छिएनलुंग या चिनी बादशहाला हे हिंदुस्तानी काम इतकं आवडलं की त्याच्या काळात चीनमध्ये त्या धाटणीचे प्याले बनू लागले. मुघल पानं वळणाशी जिवंत वाटतात, चिनी नकलेत ती बहुधा सपाट आणि आखीव होतात. हा फरक सांगून समजत नाही, डोळ्याला सवय लागावी लागते. त्यासाठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं जेडचं दालन आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा चिनी संग्रह निवांत बघा. अकीकाचा साधा, बिननक्षीचा प्याला असेल तर तो खंभातचाही असू शकतो, हे विसरू नका.

## ७. बुडावरची अक्षरं, सर्वांत शेवटी

कोरलेला शिक्का ही प्याल्यातली सर्वांत सहज बनवता येणारी गोष्ट आहे. छिएनलुंगची कारकीर्द १७३६ ते १७९५, पण त्याचं नाव कोरणं आजतागायत चालू आहे. सोळाव्या शतकातल्या लू झिगांग या सूचौच्या कारागिराचं नाव असलेल्या वस्तूंबाबतही तेच. त्यांतल्या कितीतरी नंतरच्या.

भिंगातून एवढंच बघा: अक्षरांच्या खाचा अंगावरच्या नक्षीच्याच हत्याराने केल्यात का? बुडाची झीज अक्षरांवरूनही गेलीय, की झिजलेल्या पृष्ठभागावर अक्षरं ताजी, धारदार उठून दिसतात? दुसरं असेल तर शिक्का नंतरचा. लिलावाच्या यादीत ‘छिएनलुंग शिक्का’ आणि ‘छिएनलुंग शिक्का व त्याच काळातला’ या दोन नोंदींत किमतीचा प्रचंड फरक असतो. पहिलीत काळाबद्दल काहीही कबूल केलेलं नसतं.

## ८. प्रयोगशाळा, कागदपत्रं आणि कायदा

किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. एवढी मोठी वस्तू त्यांच्या उपकरणाखाली बसते का, ते आधी फोनवर विचारा. अहवाल दगड कोणता आणि त्यात राळ किंवा रंग भरलाय का, ते सांगतो. तो वय सांगत नाही. ‘नैसर्गिक नेफ्राइट’ असं प्रमाणपत्र दाखवून अठराव्या शतकाची किंमत मागणाऱ्याला हा फरक स्पष्ट विचारा. काळासाठी चिनी कलावस्तूंच्या जाणकाराचं लेखी मत वेगळं लागतं. त्याला तुमची वही आणि सगळे फोटो द्या, नुसता शिक्क्याचा फोटो नाही.

जुनी बिलं, कुटुंबाच्या फोटोत दिसणारा प्याला, कँटन-हाँगकाँगच्या व्यापाराची पत्रं, विम्याच्या याद्या, सगळं एकत्र ठेवा. चीनबरोबर व्यापार केलेल्या मुंबईच्या पारशी घरांत असे कागद अजून सापडतात आणि आवराआवरीत पहिले रद्दीत जातात.

परदेशी स्थायिक झालेल्यांनी खास लक्ष द्या. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. आजोबांचा प्याला आहे म्हणून सामानात टाकून विमानतळावर जाऊ नका. तो तितका जुना नसल्याची खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्या. चीननेही २००७ पासून १९११ पूर्वीच्या वस्तू बाहेर नेण्यावर सरसकट बंधन घातलंय. तिथून अलीकडे आणलेली ‘छिंगकालीन’ वस्तू बिनकागदाची असेल तर एकतर ती तेवढी जुनी नाही किंवा आणणं बेकायदा.

## ९. स्वच्छता आणि ठेवण

सगळी नोंद झाल्यावरच धूळ काढा: कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने, खाचांतून बाहेरच्या दिशेने. जुन्या जेडवर बऱ्याचदा मेणाचा पातळ हात असतो. गरम पाणी, साबण आणि स्पिरिट तो काढून टाकतात आणि दगड रुक्ष दिसू लागतो. अल्ट्रासॉनिक यंत्र, आम्ल, टूथपेस्ट, खोबरेल तेल, सगळं वर्ज्य. मातीचा थर असेल तर त्याला हात न लावता संवर्धकाकडे न्या.

या प्याल्यातून काही पिऊ नका. गरम चहाने छुपा तडा वाढतो, आणि जुन्या गोंदात किंवा रंगात काय आहे ते ओठाला कळत नाही.

ठेवताना प्याला उभाच ठेवा, काठावर पालथा नाही. आम्लविरहित कागद पोकळीत सैल भरा, कानाच्या आरपार भागात मात्र काही कोंबू नका. पेटीत फोमची जागा प्याल्याच्या अंगाला बसेल अशी कापा, कानाभोवती बोटभर मोकळं सोडा. लाकडी बैठक वेगळी गुंडाळा. पेटीवर ‘कानाला धरून उचलू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, कारण पुढच्या वेळी ती पेटी उघडणारे तुम्हीच असाल असं नाही.